राऊटरवरून रीचेबिलिटी टेस्ट आपोआप कशा चालवायच्या

रात्रीच्या चेंज विंडोत (नेटवर्कमध्ये बदल करायला राखून ठेवलेल्या वेळेत) बहुतेक ठिकाणी असंच होतं. राऊट बदलला जातो, कॉलवर कुणीतरी सांगतं, "हो, पिंग लागतोय," आणि सगळे लॉगआउट करतात. सकाळी साडेनऊला शाखेतून फोन येतो की सॉफ्टवेअर उघडत नाही. पिंग खरोखरच लागत होता. पण तो राऊटरच्या वॅन पत्त्यावरून निघत होता, शाखेत बसलेल्या माणसांच्या पत्त्यावरून नाही. शिवाय कुठून कुठे पोचायलाच हवं याची यादी कुणाकडेच नव्हती. आठवले ते दोन पत्ते तपासले आणि काम झालं असं धरलं.

रीचेबिलिटी टेस्ट म्हणजे एका पत्त्यावरून दुसऱ्यापर्यंत पॅकेट पोचतं का याची चाचणी. तिचं ऑटोमेशन म्हटलं की नवीन मुलं थेट पायथॉन उघडतात. तिथून सुरुवात करू नका, हे मी आग्रहाने सांगतो. प्रत्येक चाचणीच्या तीन गोष्टी आधी ठरायला हव्यात: कुठून, कुठे आणि काय उत्तर यायला हवं. त्या ठरल्या की चाचणी टीसीएलने (राऊटरमधल्या स्क्रिप्ट भाषेने) चालवा, आयपी एसएलएने (राऊटरच्या स्वतःहून चालणाऱ्या चाचणीने) चालवा नाहीतर पायथॉनने, निकाल कामाचा असतो. त्या ठरल्याच नसतील तर स्क्रिप्ट शंभर राऊटरवर हिरवे टिक दाखवेल आणि शाखा तरीही बंद असेल.

सीसीएनएचा अभ्यास झालाय, एनओसीत (नेटवर्कवर लक्ष ठेवणाऱ्या केंद्रात) नुकतं काम लागलंय आणि राऊटरवर लॉगिन मिळालंय, अशांसाठी हे लिहितोय. उदाहरणं मुख्यतः सिस्को आयओएस आणि आयओएस एक्सईची आहेत, मध्ये थोडं मायक्रोटिक आहे. आज्ञा उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत. राऊटरवर त्या रोमन अक्षरांत आणि इंग्रजी आकड्यांतच टाइप करायच्या.

सुरू करण्याआधी हाताशी काय हवं

- नेटवर्कचा चालू आराखडा: कुठल्या शाखेचा लॅन कोणता, लूपबॅक कोणता, व्हीआरएफ (एकाच राऊटरवरचं वेगळं राउटिंग टेबल) आहे का, बॅकअप लिंक कुठून जाते.
- चाचणीसाठी वेगळं लॉगिन. टॅकॅक्स (लॉगिन आणि आज्ञांच्या परवानग्या एका जागी ठरवणारा सर्व्हर) असेल तर त्या खात्याला पिंग, ट्रेसराउट आणि शो एवढ्याच आज्ञा द्यायला सांगा. स्वतःच्या ॲडमिन पासवर्डावर स्क्रिप्ट चालवू नका.
- चाचण्या चालवायची लेखी परवानगी. ईमेलवर एक ओळ पुरते, पण ती हवीच.
- एसएसएच क्लायंट आणि पायथॉन असलेलं एक लिनक्स मशीन, म्हणजेच जंप सर्व्हर.
- सिसलॉग सर्व्हर (राऊटरचे लॉग गोळा करणारा), आणि सगळ्या राऊटरवर बरोबर लावलेलं घड्याळ.
- सरावाला लॅब. पॅकेट ट्रेसरमध्ये टीसीएल शेल आणि आयपी एसएलए मिळत नाहीत, म्हणून जीएनएस३ किंवा ईव्ह-एनजी घ्या. मायक्रोटिकचं सीएचआर व्हर्च्युअल मशीनवर फुकट चालतं. फुकट लायसनवर प्रत्येक इंटरफेसला १ एमबीपीएसची मर्यादा असते, पण पिंगला तेवढं भरपूर झालं.

घड्याळाकडे लोक दुर्लक्ष करतात. लिंक २ वाजून १४ मिनिटांनी पडली असं एक राऊटर म्हणतो आणि ७ वाजून ४४ मिनिटांनी असं दुसरा, कारण पहिल्यावर आयएसटी लावलेलाच नाही. 'क्लॉक टाइमझोन आयएसटी ५ ३०' लावा, एनटीपी (नेटवर्कवरून घड्याळ जुळवायची सोय) लावा, आणि लॉगच्या वेळा मिलिसेकंदांसह स्थानिक वेळेत ठेवा. भारतात ही नुसती सोय नाही. सर्ट-इनने (सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेने) एप्रिल २०२२ मध्ये काढलेल्या निर्देशांनुसार घड्याळं एनआयसी किंवा एनपीएलच्या एनटीपी सर्व्हरशी, नाहीतर त्यांच्याशी जुळलेल्या सर्व्हरशी जुळवायची आहेत आणि लॉग १८० दिवस जपायचे आहेत. तुमच्या चाचण्यांचे निकालही त्याच शिस्तीत ठेवा.

१. आधी तक्ता करा

एक साधी एक्सेल शीट पुरते. रकाने पाच: कोणत्या राऊटरवरून, कोणत्या सोर्सवरून, कुठे, अपेक्षित निकाल, आणि ही ओळ का आहे. शेवटचा रकाना गाळू नका. सहा महिन्यांनी १०.१०.१.२० हा पत्ता कशाचा होता ते कुणाला आठवत नसतं, आणि मग ओळ पुसायची हिंमतही कुणाला होत नाही.

समजा, मुख्य कार्यालय पुण्यात आणि शाखा चिपळूणला आहे. शाखेच्या राऊटरसाठी साधारण अशा ओळी होतील: लॅनवरून मुख्य कार्यालयाच्या ॲप्लिकेशन सर्व्हरला, लॅनवरून डीएनएसला, लूपबॅकवरून मॉनिटरिंग सर्व्हरला, दोन्ही वॅन लिंकवरून पलीकडच्या टोकाला, आणि इंटरनेट शाखेतूनच बाहेर पडत असेल तर बाहेरच्या एका पत्त्याला. दहाबारा ओळींत शाखा बसते. शंभर ओळी करू नका, कारण शंभर ओळींचा निकाल रात्री दोनला कुणी वाचत नाही.

'पोचता कामा नये' अशा ओळीही तक्त्यात हव्यात. पाहुण्यांच्या वायफायवरून अकाउंट्सचा सर्व्हर दिसता कामा नये, एका व्हीआरएफमधून दुसऱ्यात जाता येऊ नये. चुकून उघडलेला रस्ता कुणी तक्रार करून कळवत नाही, तो असाच शोधावा लागतो.

पण इथे राऊटरची एक मर्यादा पक्की लक्षात ठेवा. आयओएसमध्ये इंटरफेसवर बाहेरच्या दिशेने लावलेली एसीएल (फिल्टरचे नियम) राऊटरने स्वतः तयार केलेल्या पॅकेटला लागू होत नाही. लॅनवर आतल्या दिशेने लावलेली एसीएलही तुमच्या पिंगला लागत नाही, कारण ते पॅकेट लॅनमधून आत आलेलंच नसतं. इंटरफेसवरचं पॉलिसी राउटिंगही त्याला लागत नाही, त्यासाठी लोकल पॉलिसी वेगळी लावावी लागते. थोडक्यात, राऊटरवरचा पिंग जाण्यायेण्याचे राऊट तपासतो. त्या राऊटरवरचे फिल्टर तपासायचे असतील तर चाचणी त्याच्या मागे असलेल्या एखाद्या यंत्रावरून करा. लॅनमधलं एखादं छोटं लिनक्स मशीन किंवा मागचा लेयर ३ स्विच चालेल.

२. प्रत्येक ओळ एकदा हाताने चालवा

स्क्रिप्ट लिहिण्याआधी निकाल डोळ्यांनी वाचता यायला हवा. सिस्कोचा साधा पिंग १०० बाइटची ५ पॅकेट सोडतो आणि प्रत्येकासाठी २ सेकंद थांबतो. उद्गारचिन्ह म्हणजे उत्तर आलं, टिंब म्हणजे वेळ संपली, 'यू' म्हणजे वाटेतल्या कुणीतरी "पोचत नाही" असं कळवलं, आणि 'एम' म्हणजे पॅकेट मोठं आहे पण तुकडे करायला मनाई आहे.

पहिल्यांदा पिंग मारल्यावर हमखास दिसतं ते असं:

.!!!!

सक्सेस रेट ८० टक्के. नवीन माणूस याला पॅकेट ड्रॉप समजतो. खरं तर पहिलं पॅकेट निघालं तेव्हा शेजारच्या यंत्राचा मॅक पत्ता राऊटरला माहीत नव्हता. एआरपीचं उत्तर येईपर्यंत ते पॅकेट गेलं, पुढची चार नीट पोचली. पुन्हा मारा, पाचही येतील. म्हणून स्क्रिप्टमध्ये "१०० टक्के नसेल तर फेल" असा नियम कधीच लावू नका. ३ पैकी २ आले तर पास धरा, किंवा आधी एक पॅकेट सोडून देऊन मग मोजायला लागा.

दुसरं चित्र:

U.U.U

हे पाहून लिंक लपलप करतेय असं वाटतं. लिंकचा इथे काही संबंध नाही. वाटेतल्या राऊटरकडे राऊट नाही आणि तो तसं कळवतोय. पण असे निरोप आयओएस डीफॉल्टने ५०० मिलिसेकंदांत एकच पाठवतो. पहिल्या पॅकेटला लगेच निरोप येतो, म्हणून दुसरं लगेच सुटतं. त्याला निरोप मिळत नाही, तुमचा राऊटर २ सेकंद वाट पाहून टिंब छापतो. तोवर मर्यादेची वेळ सरलेली असते, तिसऱ्याला पुन्हा 'यू'. हे चित्र दिसलं की केबल हलवत बसू नका, राउटिंग टेबल बघा.

आता सोर्स. नुसतं 'पिंग १०.१०.१.२०' म्हटलं की राऊटर ज्या इंटरफेसमधून पॅकेट बाहेर काढतो त्याचाच पत्ता सोर्स म्हणून लावतो, म्हणजे बहुधा वॅनचा. मुख्य कार्यालयाला वॅनचा पत्ता थेट जोडलेला असल्यामुळे माहीत असतो, उत्तर परत येतं आणि तुम्ही खूश. शाखेच्या लॅनकडे परतीचा राऊट आहे का, हे मात्र तपासलंच गेलं नाही. म्हणून आज्ञा अशी द्या:

पिंग १०.१०.१.२० सोर्स जीआय०/०/१ रिपीट ३ टाइमआउट १

जीआय०/०/१ हा इथे लॅनचा इंटरफेस आहे. व्हीआरएफ असेल तर पिंगनंतर लगेच 'व्हीआरएफ' आणि त्याचं नाव लिहा. ते विसरलात तर राऊटर ग्लोबल टेबलमध्ये बघतो आणि धडधाकट लिंकही बंद दाखवतो.

टनेल किंवा पीपीपीओई असलेल्या प्रत्येक शाखेला मोठ्या पॅकेटची एक चाचणी हवीच. लॉगिनचं पान उघडतं आणि पुढचं पान फिरतच राहतं, ही तक्रार बहुतेक वेळा एमटीयूची (लिंकवर मावणाऱ्या पॅकेटच्या कमाल आकाराची) असते. १०० बाइटचा पिंग तिथे कायम पास होतो. 'साइज १५०० डीएफ-बिट' लावून बघा. पीपीपीओईवर १४९२ पर्यंत जाईल, साध्या जीआरई टनेलवर १४७६ पर्यंत. सिस्को राऊटरवर दिलेल्या साइजमध्ये आयपी हेडर धरलेला असतो. विंडोज आणि लिनक्सवर दिलेला आकडा फक्त आतल्या डेटाचा असतो, म्हणून तिथे १४७२ द्या, वर २८ बाइट आपोआप जोडले जाऊन १५०० होतात. दोन टीमचे निकाल जुळत नसतील तर आधी हा फरक तपासा.

३. टीसीएल शेलमध्ये लूप लावा

सगळ्यात झटपट मार्ग हाच. कुठलंही सॉफ्टवेअर बसवायचं नाही, राऊटरवर टीसीएल आधीच असतं. एनेबल मोडमध्ये:

टीसीएलएसएच
फॉरईच आयपी {
१०.१०.१.२०
१०.१०.१.५३
१०.२५५.०.१
} { पिंग $आयपी सोर्स जीआय०/०/१ रिपीट ३ टाइमआउट १ }
टीसीएलक्विट

नोटपॅडमध्ये हे तयार ठेवायचं आणि विंडोत पेस्ट करायचं. महिरपी कंसांची जागा बदलू नका. यादी बंद करणारा कंस आणि पुढचा उघडणारा कंस एकाच ओळीवर हवेत. कंस राहिला तर शेल आणखी ओळींची वाट बघत गप्प बसतं आणि राऊटर अडकला असं वाटतं. कंस पूर्ण केला की ते सुटतं.

रिपीट आणि टाइमआउट कमी ठेवण्यामागे कारण आहे. डीफॉल्ट आकड्यांवर एक मेलेला पत्ता १० सेकंद खातो. वीस पत्ते मेले असतील तर तीन मिनिटांहून जास्त वेळ नुसती टिंबं बघायची. मध्येच थांबवायला कंट्रोल-शिफ्ट-६ दाबलं तर चालू पिंग तुटतो, पण लूप पुढच्या पत्त्यावर जातो. ३ पॅकेट आणि १ सेकंद ठेवलं की हाच प्रकार एका मिनिटात उरकतो.

हे हातात बसलं की फाइल करून फ्लॅशमध्ये ठेवा आणि एक एलियास लावा, म्हणजे कुणालाही एकच शब्द टाइप करून पूर्ण यादी चालवता येते. फाइलमध्ये पिंग थेट न लिहिता 'एक्झेक'मधून चालवा, त्याचं उत्तर एका व्हेरिएबलमध्ये घ्या आणि सक्सेस रेट ० असलेले पत्तेच छापा. सगळं ठीक असताना स्क्रीनवर काहीच येत नाही, आणि रात्री दोनला तसंच हवं असतं. मात्र शेवटी "यादी संपली" अशी एक ओळ छापायला सांगा. ती नसेल तर स्क्रिप्ट चाललीच नाही आणि सगळं पास झालं, या दोन गोष्टी सारख्याच दिसतात.

जुन्या कॅटॅलिस्ट स्विचवर टीसीएल नसतं. तिथे मॅक्रो लिहिता येतो. मॅक्रो कॉन्फिग मोडमध्ये चालतो, म्हणून प्रत्येक पिंगच्या आधी 'डू' लावा आणि मॅक्रो ॲट या चिन्हाने संपवा.

४. सतत लक्ष ठेवायला आयपी एसएलए

टीसीएल तुम्ही चालवाल तेव्हाच चालतं. दिवसरात्र चाचणी हवी असेल तर ते काम राऊटरवरच सोपवा. जुन्या आयओएसमध्ये हेच आरटीआर, नंतर एसएए या नावांनी होतं, त्यामुळे जुन्या कॉन्फिगमध्ये ती नावं दिसली तर बिचकू नका. जुनिपरवर याच कामाला आरपीएम आहे.

आयपी एसएलए १०
आयसीएमपी-एको १०.१०.१.२० सोर्स-इंटरफेस जीआय०/०/१
टाइमआउट २०००
थ्रेशोल्ड १०००
फ्रीक्वेन्सी ३०
आयपी एसएलए शेड्यूल १० लाइफ फॉरएव्हर स्टार्ट-टाइम नाऊ

नवीन माणूस इथे हमखास तीन ठिकाणी अडकतो. पहिलं म्हणजे एककं. टाइमआउट आणि थ्रेशोल्ड मिलिसेकंदांत असतात, फ्रीक्वेन्सी सेकंदांत. 'टाइमआउट २' लिहिलंत तर २ मिलिसेकंदांत उत्तर हवं असा अर्थ होतो आणि चिपळूणहून पुण्याला जाऊन यायला तेवढा वेळ नक्कीच पुरत नाही. थ्रेशोल्ड टाइमआउटपेक्षा जास्त नको आणि टाइमआउट फ्रीक्वेन्सीच्या आत हवा.

दुसरं, 'लाइफ फॉरएव्हर'. ते लिहिलं नाही तर चाचणी एका तासाने थांबते. सगळं नीट लावून तुम्ही घरी जाता, आणि जेवायला बसेपर्यंत राऊटरने बघणं सोडून दिलेलं असतं. तिसरं, शेड्यूल केलेली चाचणी बदलता येत नाही. आधी शेड्यूल काढा, बदल करा, पुन्हा शेड्यूल लावा.

निकाल 'शो आयपी एसएलए समरी'मध्ये दिसतो. आठवडाभर नुसतं बघत राहा. नेहमीचा आरटीटी (पॅकेट जाऊन यायला लागणारा वेळ) किती, कोणत्या वेळी वाढतो, रात्रीचा बॅकअप चालू असताना काय होतं, हे कळल्याशिवाय अलार्मचे आकडे ठरवू नका.

५. चाचणीवरून राऊट बदलायचा असेल तर फार जपून

ट्रॅक ऑब्जेक्टला एसएलए जोडली आणि डीफॉल्ट राऊटला तो ट्रॅक लावला की मुख्य लिंक मेल्यावर ट्रॅफिक आपोआप बॅकअपवर जातो. पावसाळ्यात फायबर तुटला तर शाखा उभी राहते, म्हणून हे सगळ्यांना हवं असतं. पण यात एक सापळा आहे आणि तो समजून घेतल्याशिवाय पुढे जाऊ नका.

चाचणी १९८.५१.१००.१ या पत्त्याला पिंग करतेय आणि मुख्य लिंक मेली, असं धरा. ट्रॅक डाऊन झाला, डीफॉल्ट राऊट बॅकअपवर गेला. आता चाचणीचं पॅकेटसुद्धा बॅकअपवरूनच बाहेर पडतं आणि व्यवस्थित पोचतं. ट्रॅक अप होतो, राऊट मेलेल्या लिंकवर परत येतो, चाचणी फेल, पुन्हा डाऊन. शाखेचं इंटरनेट मिनिटामिनिटाला येतं-जातं आणि लोक म्हणतात, यापेक्षा पूर्ण बंद असतं तर बरं. सोर्स-इंटरफेस दिल्याने हे टळत नाही, कारण सोर्स फक्त पत्ता ठरवतो. रस्ता राउटिंग टेबल ठरवतं.

उपाय असा. चाचणीच्या पत्त्यासाठी मुख्य लिंकवरून जाणारा /३२ चा स्टॅटिक राऊट लावा. मुख्य इंटरफेसच डाऊन झाला तर तो राऊटही टेबलमधून निघून जातो आणि चाचणी पुन्हा बॅकअपकडे वळते. म्हणून त्याच पत्त्यासाठी नल० कडे जाणारा दुसरा राऊट, डिस्टन्स २५० देऊन, मागे ठेवा. मुख्य लिंक नसेल तेव्हा चाचणीचं पॅकेट तिथेच संपतं.

त्यामुळे हा पत्ता निवडतानाही विचार करा. बॅकअपवर असताना तो शाखेतल्या कुणालाच मिळणार नाही. लोक ८.८.८.८ लावतात, आणि शाखेतल्या पीसींचा डीएनएसही ८.८.८.८ असतो. लिंक पडते, फेलओव्हर अचूक होतो, तरी कुणाची एकही वेबसाइट उघडत नाही. वापरकर्त्यांना कधीच लागत नाही असा पत्ता घ्या, शक्यतो सेवा देणाऱ्या कंपनीकडून विचारून. एकाच पत्त्यावर विसंबू नका. दोन चाचण्या लावून ट्रॅक लिस्टमध्ये 'बूलियन ऑर' वापरा, म्हणजे दोन्ही बंद झाल्या तरच राऊट हलेल. 'डिले डाऊन १५ अप ६०' असं काहीसं ठेवा. पडताना थोडं थांबायचं, परत येताना जास्त थांबायचं.

६. लिंक पडली त्या क्षणाची नोंद

तुम्ही लॉगिन करेपर्यंत लिंक परत आलेली असते आणि पुरावा गेलेला असतो. त्यासाठी ईईएमचं, म्हणजे घटना घडली की आपोआप आज्ञा चालवणाऱ्या आयओएसमधल्या सोयीचं, छोटं ॲपलेट लिहा: ट्रॅक डाऊन झाला की एनेबल, मग राउटिंग टेबल, एआरपी, इंटरफेसचे एरर आणि एक ट्रेसराउट, सगळं 'अपेंड' वापरून फ्लॅशमधल्या एका फाइलला जोडायचं आणि सिसलॉगवर एक ओळ टाकायची.

ॲपलेटला डीफॉल्टने २० सेकंदच मिळतात. मेलेल्या रस्त्यावरचा ट्रेसराउट त्यात कधीच पुरा होत नाही आणि ॲपलेट अर्ध्यातच मारलं जातं, म्हणून 'मॅक्सरन' वाढवा. ॲक्शनचे नंबर राऊटर अक्षरांसारखे लावतो, त्यामुळे '१०' हा '२' च्या आधी चालतो. '०१०', '०२०', '०३०' असे नंबर द्या, भानगड मिटते. टॅकॅक्सवर कमांड ऑथरायझेशन असेल तर ॲपलेटला स्वतःचं युजरनेम लागतं, नाहीतर आज्ञा नाकारल्या जातात. आणि दर मिनिटाला फ्लॅशवर लिहिणारं ॲपलेट करू नका, फ्लॅशच्या लिहिण्याला आयुष्य असतं.

७. मायक्रोटिक असेल तर

यासाठी नेटवॉच आहे. पत्ता, वेळ, आणि अप-डाऊन झाल्यावर चालायच्या दोन स्क्रिप्ट, एवढंच. राऊटरओएस ७ मध्ये साध्या पिंगशिवाय टीसीपी कनेक्शन आणि एचटीटीपीचीही चाचणी करता येते. नेटवॉचमधून चालणाऱ्या स्क्रिप्टला मर्यादित परवानग्या असतात. तुमची स्क्रिप्ट टर्मिनलवर हाताने चालते आणि नेटवॉचमधून चालत नाही, तर आधी पॉलिसीच्या खुणा बघा. पाचव्या पायरीतला /३२ राऊटचा सापळा इथेही तसाच आहे.

८. आता पायथॉन: चेंजच्या आधी आणि नंतर

तक्ता तयार आहे, निकाल वाचता येतो. आता जंप सर्व्हरवरून सगळ्या राऊटरवर तोच तक्ता चालवायचा. नेटमिको ही लायब्ररी याला पुरेशी आहे. तक्ता सीएसव्ही करा, प्रत्येक राऊटरवर एकदाच लॉगिन करा, त्याच्या सगळ्या ओळी चालवा, निकाल फाइलमध्ये लिहा.

एक खास अडचण आधीच सांगून ठेवतो. नेटमिकोच्या चौथ्या आवृत्तीत 'सेंड कमांड' उत्तरासाठी डीफॉल्टने १० सेकंद थांबतं. डीफॉल्ट पिंग मेलेल्या पत्त्यावर नेमके ५ गुणिले २, म्हणजे १० सेकंद घेतो. सगळं चालू असताना स्क्रिप्ट सुरेख धावते आणि पहिला पत्ता मेला की स्वतःच एरर देऊन कोसळते. ज्या क्षणासाठी लिहिली त्याच क्षणी ती निकामी. 'रीड टाइमआउट' ३० करा, आणि पिंगमध्ये ३ पॅकेट, १ सेकंद ठेवाच.

राऊटरचं पूर्ण उत्तर जपून ठेवा, पण तुलना त्याची करू नका. आरटीटी दर वेळी वेगळा येतो, त्यामुळे दोन फाइलींचा डिफ काढला तर प्रत्येक ओळ बदललेली दिसते. उत्तरातून फक्त "३ पैकी किती" एवढं काढा, अपेक्षित निकालाशी ताडून पास, फेल किंवा 'चाचणी झालीच नाही' असं लिहा. हा तिसरा निकाल वेगळा ठेवणं फार महत्त्वाचं आहे. लॉगिन झालं नाही म्हणजे पिंग फेल झाला असं नाही, आणि पास तर मुळीच नाही.

मग विंडोतलं काम असं चालतं. बदलाच्या आधी एकदा चालवा आणि 'आधी' फाइल ठेवा. त्यातच दोन ओळी फेल असतील तर लगेच सगळ्यांना सांगा, नाहीतर सकाळी त्या तुमच्या नावावर लागतील. बदल करा. ओएसपीएफ, बीजीपी स्थिर होईपर्यंत थांबा. 'नंतर' चालवा. दोन्हींत फरक असलेल्या ओळीच स्क्रीनवर दाखवा. फरक नाही, तर विंडो बंद. फरक आहे आणि ठरलेल्या वेळेत सुटत नाही, तर रोलबॅक. हा निर्णय आधीच लिहून ठेवलेला असला की रात्री दोनला वाद होत नाहीत.

एका वेळी पाच-दहा राऊटरांपेक्षा जास्त जोडण्या उघडू नका. पासवर्ड स्क्रिप्टमध्ये लिहू नका, एन्व्हायर्न्मेंट व्हेरिएबलमधून किंवा व्हॉल्टमधून घ्या. आणि राऊटरच्या स्वतःच्या पत्त्याला पिंग करून लॉस मोजू नका. तिथे कंट्रोल प्लेन पोलिसिंग (खुद्द राऊटरकडे येणाऱ्या पॅकेटवरची मर्यादा) असेल तर जास्तीचे पिंग मुद्दाम टाकले जातात, त्यातून लिंकबद्दल काहीच कळत नाही. लॉस मोजायचा तर राऊटरच्या पलीकडचं यंत्र घ्या.

९. पिंगच्या पलीकडे: पोर्ट

सर्व्हर पिंगला उत्तर देतो आणि ॲप्लिकेशन बंद असतं, किंवा वाटेतल्या फायरवॉलवर पिंग बंद असतो आणि ॲप्लिकेशन मजेत चालू असतं. म्हणून तक्त्यातल्या दोन-तीन महत्त्वाच्या ओळींना पोर्टची चाचणी जोडा. हाताने करायची तर राऊटरवरून टेलनेट वापरता येतं: पत्ता, मग ४४३, मग सोर्स इंटरफेस. 'ओपन' आलं म्हणजे टीसीपी पोचला. 'कनेक्शन रिफ्युज्ड' आलं तर सर्व्हरपर्यंत रस्ता बहुधा ठीक आहे, सेवा बंद आहे, आणि फोन सर्व्हर टीमला करायचा. नुसतंच ताटकळत राहिलं तर वाटेत कुणीतरी पॅकेट गिळतंय, फायरवॉलचे लॉग बघा.

कायमची चाचणी हवी तर आयपी एसएलएमध्ये 'टीसीपी-कनेक्ट' आहे. पलीकडे सिस्कोचं यंत्र नसेल, आणि सर्व्हर म्हटलं की ते नसतंच, तर ओळीच्या शेवटी 'कंट्रोल डिसेबल' लिहावंच लागतं. ते नसेल तर राऊटर आधी पलीकडच्या सिस्को रिस्पॉन्डरशी बोलायला जातो, तिथे कुणी नसतं, आणि पोर्ट उघडा असूनही चाचणी कायम फेल दाखवते. फ्रीक्वेन्सी इथे ६० सेकंदांखाली आणू नका आणि सर्व्हर टीमला आधी कळवा, कारण त्यांच्या लॉगमध्ये तुमच्या राऊटरचा पत्ता दर मिनिटाला दिसायला लागेल.